दस्तगीरभाईंची ‘न्हाय’

आमच्या केंद्रात एक माणूस असा होता, की त्याच्या ‘हो’पेक्षा त्याच्या ‘नाही’चा दबदबा मोठा. दस्तगीरभाई शिकलगार. कागदावर हुद्दा प्रयोगशाळा सहायक. पण सहायक कुणाचे, हे शेवटपर्यंत ठरलं नाही, कारण साहेबांपासून माझ्यापर्यंत सगळे त्यांच्याच हाताखाली असल्यासारखे वागायचे.

केंद्र म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जायचं. एका लांबच्या मेडिकल कॉलेजानं क्षयाच्या संशोधनासाठी कोल्हापुरात, कसबा बावड्याच्या रस्त्याला, दोन खोल्या आणि एक लांब पडवी घेतली होती. काम असं, की खेड्यापाड्यांत घरोघर डब्या वाटायच्या, सकाळच्या पारी त्यात थुंकी गोळा करायची, ती इथं आणून काचेच्या पट्टीवर पसरायची, रंगवायची आणि दुर्बिणीतून बघायची. कुणाच्या छातीत जंतू आहेत, कुणाच्या नाहीत, ते लिहून कॉलेजला धाडायचं. दुर्बीण नव्हे, सूक्ष्मदर्शक म्हणावं, हे मला आता कळतं. पण आम्ही दुर्बीणच म्हणत होतो आणि त्यामुळे एकही जंतू निसटला नाही.

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या वर्षी मी तिथं लागले. माझे मालक तिथं शिपाई होते. ते गेले, आणि केंद्र चालवणाऱ्या बर्वेसाहेबांनी मला काचा धुवायला ठेवून घेतलं. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं वाचन डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर झालं. माझ्याबद्दल एवढं पुरे.

भाई अंगानं बेताचे, मान किंचित डावीकडे कललेली. दुर्बिणीला डोळा लावून लावून ती तशीच राहिली होती. सरळ बसून जेवायचे तरी ताटात काहीतरी शोधतायत असं वाटायचं. त्यांच्या वडलांचा धंदा सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचा. भाई सांगायचे, “आमचा बा पातं उजेडाला धरून बघायचा. धार हाय का न्हाय त्ये बोटाला कळतंय असं लोक म्हनत्यात. खोटं. उजेडाला कळतंय.” त्यामुळे उजेडाबद्दल हा माणूस फार हळवा. दुर्बीण जुनी, खाली आरसा असलेली. उत्तरेच्या खिडकीतून जे आभाळ दिसेल त्याच्यावर सगळा कारभार. अकरा ते चार भाई काचा बघणार, आधी नाही, नंतर नाही. त्या वेळात खिडकीसमोरून मांजर गेलं तरी ते ओरडायचे, “उजेड सोडा!”

थुंकी रंगवायची रीत त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच सांगितली. आधी तांबडा रंग घालून स्पिरिटच्या दिव्यावर ऊब द्यायची, मग आम्लानं धुवायचं, मग निळा रंग. सगळं जग निळं होतं, पण क्षयाचा जंतू आम्लाला दाद देत नाही. तो बारीक तांबड्या काडीसारखा निळ्यात पडून राहतो. “लई इमानी दुश्मन,” भाई म्हणायचे. “आम्लानं धुतला तरी रंग सोडत न्हाय.”

आता त्यांच्या शब्दांविषयी. कॉलेजनं छापील वही दिली होती, तिच्यात इंग्रजीतून लिहायचं होतं. भाईंना इंग्रजी अक्षरं येत होती. पण ते त्या रकान्यात मराठीतून लिहायचे, ‘हाय’ किंवा ‘न्हाय’. बर्वेसाहेब पुण्याचे. ते सुरुवातीला म्हणाले, “शिकलगार, निदान ‘आहे’, ‘नाही’ तरी लिहा हो.” भाई म्हणाले, “साहेब, तुमचं ‘आहे’ वाचताना मला वाटतंय, कुनीतरी सांगितल्यालं लिवलंय. ‘हाय’ म्हंजे म्या बघितलंय.” साहेब हसले आणि कॉलेजला पाठवायच्या कागदावर स्वतः इंग्रजीत उतरवून घ्यायला लागले.

दुर्बिणीत एका वेळी जेवढी काच दिसते, त्या गोल तुकड्याला भाई अंगण म्हणायचे. एक काडी दिसली की काम संपलं, हाय. पण न्हाय लिहायचं तर शंभर अंगणं बघायलाच हवीत, असा त्यांचा नेम. टेबलावर दोन वाट्या, एकीत दहा चिंचोके. दहा अंगणं झाली की डोळा न हलवता एक चिंचोका डावीकडच्या वाटीतून उजवीकडच्या वाटीत. टक्. दहाही चिंचोके पलीकडे गेले, की मगच न्हाय. “हाय म्हनाया एक काडी फुरं,” ते सांगायचे, “न्हाय म्हनाया शंभर अंगनं झाडावी लागत्यात.” दुपारी पडवीत काचा धुताना मला आतून ते टक् ऐकू यायचं आणि मी मनात धरायची, चार झाले, सात झाले, सुटला बिचारा.

एकदा परदेशातून एक गोरे डॉक्टर केंद्र बघायला आले. जगभर फिरलेले, फार मोठे, असं साहेबांनी आठ दिवस आधीपासून सांगितलेलं. आम्ही पडवी सारवल्यासारखी पुसून काढली. गोरे डॉक्टर आत आले आणि नेमके खिडकीत जाऊन उभे राहिले. भाईंनी मान वर केली नाही. म्हणाले, “पावनं, उजेड सोडा.” साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी इंग्रजीत काहीतरी गोड करून सांगितलं असणार, पण गोऱ्यांना मूळ बोललेलंच कळलं. ते झटक्यात बाजूला झाले आणि मागे हात बांधून तासभर बघत राहिले. चिंचोक्यांचा हिशेब साहेबांनी समजावला तेव्हा त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी एक चिंचोका आठवण म्हणून खिशात टाकला. भाईंनी हात पुढे केला. “साहेब, त्यास्नी सांगा, एक गेला तर माजी नव्वदच अंगनं हुत्यात.” गोऱ्या डॉक्टरांनी चिंचोका परत वाटीत ठेवला. जाताना भाईंना त्यांनी वाकून नमस्कार केला. भाईंनी उजेड जायला लागला म्हणून तेवढ्यात आणखी एक काच लावली होती.

माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती, ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. त्या काळी काचा धुऊन पुन्हा वापरायचो. एके दिवशी भाईंनी मला हाक मारली. “वैनी, ही काच कवा धुतली?” मी म्हटलं, काल. “नीट?” मी म्हटलं, नीट. ते म्हणाले, “हिच्यात काडी हाय. पर ती शिळी हाय. थुंकी वर हाय आनि काडी तळाला काचंला चिकटल्याली. ही आधीच्या मानसाची.” बाहेर बाकावर एक प्राथमिक शाळेतले मास्तर निकालासाठी बसले होते. काच त्यांची. भाई रागावले नाहीत. पडवीच्या दाराशी नेऊन त्यांनी मला फक्त मास्तर दाखवले. “ह्येला आपुन आज रोगी केला असता. साळंतनं काडला असता त्येला.” नवीन काच घेऊन, पुन्हा रंगवून त्यांनी दहा चिंचोके हलवले आणि मास्तरांना घरी धाडलं. त्या दिवसापासून नेम झाला. ज्या काचेवर हाय निघेल, ती धुवायची नाही. भाई छोट्या हातोडीनं डब्यात तिचा चुरा करायचे. मला तो आवाज अजून आवडत नाही.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसले ते.

गडहिंग्लजच्या अलीकडे एक खेडं आहे. नाव सांगत नाही, त्या घरची माणसं नांदती आहेत. तिथल्या एका मोठ्या एकत्र खटल्याच्या घरात बर्वेसाहेब स्वतः पाहणीला गेले होते. घरची कारभारीण गंगव्वा. ओटीवर बसलेले असताना साहेबांनी आतून कुणीतरी खोकताना ऐकलं. धाकटी सून, शेवंता. दाराआडून दिसली तेवढी वाळलेली, कडेवर तान्हं. साहेबांनी तिच्या नावावर खूण केली. आमचे पाटोळे, म्हणजे डब्या वाटणारे, त्या घरात आठ डब्या ठेवून आले आणि दुसऱ्या सकाळी भरून घेऊन आले.

भाईंनी आठही काचा बघितल्या. आठही न्हाय.

साहेब दारात उभे राहिले. “शिकलगार, शेवंताची पुन्हा बघा.”

“बघितली.”

“मी तिला स्वतः खोकताना ऐकलंय. तो खोकला साधा नाही.”

भाईंनी पुन्हा लावली. दहा चिंचोके गेले, मोजत परत आले, पुन्हा गेले. तीनशे अंगणं. न्हाय.

साहेब वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्या मनात जे होतं ते आमच्याही मनात होतंच. भाईंना हल्ली चिठ्ठीवरचं नाव वाचायला वेळ लागायचा. पडवीच्या पायरीला दोनदा पाय अडखळला होता. साहेब हळू आवाजात म्हणाले, “असं करू, या आठ काचा कॉलेजला धाडू. तिथं दुसरं कुणीतरी बघेल. तोवर तुम्ही... जरा डोळ्यांना विश्रांती द्या.”

विश्रांती म्हणजे काय, हे काचा धुणाऱ्या बाईलाही कळतं. कॉलेजात एक जरी काडी निघाली, तरी भाई दुर्बिणीवरून उठले म्हणून समजा. आणि कॉलेजचं उत्तर यायला महिना. त्या महिन्यात ती पोर खोकतच राहणार.

भाई म्हणाले, “साहेब, तुमचा कान खरा?”

“खरा.”

“माजा डोळाबी खरा. मग खोटं काय हाय?”

साहेब गेल्यावर भाईंनी आठही काचा ओळीनं मांडल्या आणि पुन्हा बघायला लागले. या खेपेला चिंचोके हलत नव्हते. ते काड्या शोधतच नव्हते. तासाभरानं हाक आली. “वैनी, हात पुसा आनि हिकडं या. बघा.”

इतकी वर्षं काचा धुतल्या, पण दुर्बिणीला डोळा मी त्या दिवशी पहिल्यांदा लावला. निळं निळं, आणि त्यात तपकिरी भुसा सांडल्यासारखा.

“काय हाय?”

“कचरा दिसतोय, भाई.”

“तमाखू. ही पयली. ही दुसरी बघा. हितंबी तमाखू. तिसरी. चौथी. आनि ही कुनाची, चिट्टी वाचा.”

मी वाचली. गंगव्वाची नात. वय वर्षं नऊ.

“नऊ वर्साची पोरगी तमाखू मळती व्हय?” भाई पहिल्यांदा हसले. “काच खोटी न्हाय, वैनी. थुंकी खोटी हाय. आठीबी डब्या एकाच तोंडच्या.”

दुसऱ्या दिवशी साहेबांची परवानगी घेऊन भाई निघाले. स्वैपाकघरात जायला बाईमाणूस हवं म्हणून मला बरोबर घेतलं. एसटीत त्यांनी खिडकीची जागा घेतली आणि रिकाम्या आठ डब्या मांडीवर धरून बसले.

गंगव्वानं चहा ठेवला आणि सरळ विचारलं, “पावनं, परवा डब्या दिल्या की. आनि कशापायी आलासा?”

“डब्या पोचल्या, गंगव्वा. लई गच्च भरल्या हुत्या.”

“मग? तुमचा मानूस एवढ्या लांबनं आल्याला. त्येला रिकाम्या डब्या घिऊन धाडायचा व्हय? आमच्या दारातनं कोन रिकाम्या हातानं जात न्हाय.”

“भरल्या कुनी?”

“ह्येनं की. आमच्या थोरल्यानं. पोरीबाळींनी सासऱ्याम्होरं थुंकायचं व्हय? कायतरी रीतभात हाय का न्हाय? आनि पोरास्नी येत न्हाय. ह्येला मुबलक येती.”

थोरला मुलगा, अण्णा, पुढे आला. दारात मावेल न मावेल अशी छाती, तळहातावर तंबाखू मळणं चालू. कौतुकाची वाट बघत म्हणाला, “आठीच्या आठी. बसल्या जागंला!”

मला हसू आवरेना. भाईंनी मात्र चेहरा गंभीर ठेवला. “अण्णा, तुज्या थुंकीची म्या हजारभर अंगनं झाडली. एक काडी गावली न्हाय. आठ डाव न्हाय. आता तुला मरान यायचं तर झाडावरनं पडूनच यील.”

सगळी ओटी हसली, अण्णासुद्धा. हसू ओसरायच्या आत भाई म्हणाले, “आता ज्येची डबी त्येनं भरायची. धाकट्या सुनंला बोलवा.”

“तिला खोकला न्हाय,” गंगव्वा म्हणाली. “तुमच्या मानसानं कागुद वाचून इचारलं, तवाच सांगितलं.”

भाईंनी विचारलं, “ढास?”

“ढास हाय की! पावसाळ्यापास्नं हाय. पर ढास व्हय खोकला? खोकला थंडीचा, चार दिसांत जातो. ढास येगळी.”

भाईंनी माझ्याकडे बघितलं. कॉलेजच्या छापील कागदावर प्रश्न होता, ‘घरात कुणाला खोकला आहे का?’ आणि त्या घरानं खरं तेच उत्तर दिलं होतं.

मी शेवंताला घेऊन गोठ्यामागं गेले. वीस-बावीसची असेल. सासरा दिसत नाही याची तिनं दोनदा खात्री केली. मग खोल श्वास घेऊन छातीतून कसं काढायचं, ते मी करून दाखवलं. डबी भरली, झाकण लावलं, आणि तिनं माझं मनगट धरलं.

“अक्का, त्या भाईंस्नी न्हाय म्हनाया सांगा.”

“का गं?”

“हाय म्हटलं तर सासूआत्ती मला म्हायेरला धाडत्यात. तान्हं हितं ठिवून घेत्यात. मला पुन्यांदा कोन आनतंय?”

परतीच्या एसटीत मी हे भाईंना सांगितलं. ते डबी दोन्ही हातांत धरून बाहेर बघत होते. तसंच बघत म्हणाले, “वैनी, ह्ये मला सांगाया नगं हुतं. काचंला म्हायेर-सासर नसतंय.”

दुसऱ्या दिवशी अकराला त्यांनी काच लावली. मी दारातच उभी होते. डाव्या वाटीतला एकही चिंचोका हलला नाही. पहिल्याच अंगणात काड्या होत्या, मोजायला नकोत इतक्या.

भाईंनी वहीत हाय लिहिलं. साहेबांनी येऊन वही बघितली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “शिकलगार, मला माफ करा. तुमची न्हाय खरी होती.”

“माजी न्हाय खरी झाली,” भाई म्हणाले, “तवाच तिची हाय झाली.” आणि हातोडी घेतली.

साहेब आणि भाई मिळून पुन्हा त्या घरी गेले. तिथं काय झालं ते मला साहेबांनीच नंतर सांगितलं. साहेबांनी रोजची सुई, वर्षभराहून जास्त गोळ्या, बाळालाही औषध, सगळं नीट समजावलं. गंगव्वानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं. उद्या धाडतो तिला म्हायेरला. तितं खाईल गोळ्या.” आमच्याकडे बायकासुद्धा ‘धाडतो’च म्हणतात. साहेबांचं पुस्तक तिथं संपलं. भाई म्हणाले, “म्हायेरच्या गावाला सुई द्याया कोन हाय? गंगव्वा, म्या सौदा करतो. तुमी तिला हितं ठिवा, सुई चुकवू नगा. तीन म्हैन्यांनी थुंकी आना. म्या न्हाय लिवून देतो.”

“देतासा?”

“असली तर देतो.”

“आनि नसली तर?”

“तर न्हाय देत.”

साहेब म्हणाले, इतका वाईट सौदा करणारा माणूस मी पाहिला नाही. पण गंगव्वा म्हणाली, तीन म्हैनं ठिवतो.

तीन महिने झाले. डबी घेऊन गंगव्वा स्वतः आली. पाटोळ्यांवर तिचा भरवसा नव्हता, आणि तिच्या घरच्या डब्यांवर आमचा नव्हता, म्हणून तिनं शेवंतालाच बरोबर आणली होती. साहेबांच्या देखत डबी भरली. दोघी पडवीतल्या बाकावर बसल्या. मध्ये हातभर अंतर. शेवंता भरली होती थोडी. खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती.

आत टक् झालं. मी काचा धुवायचं सोडून दिलं. दोन, तीन. पाच झाले. आठ. नऊ. आता एक राहिला. मी शेवंताकडे बघून मान हलवणार, तेवढ्यात मला जाणवलं, की दहावा टक् येत नाहीये.

मी आत डोकावले. भाईंनी भिंग पुसलं. डावा डोळा लावला, मग उजवा. मग मागे टेकून बसले. शेवटचा चिंचोका वाटीत तसाच.

“वैनी, भाईर कोन बसलंय?”

“गंगव्वा. आणि ती.”

“हं.”

खोलीत आम्ही दोघंच होतो. साहेब ती काच पुन्हा बघणार नव्हते. त्या आठ डब्यांनंतर त्यांनी भाईंची काच कधी तपासली नव्हती. चिंचोका उचलून पलीकडच्या वाटीत टाकला असता तर जगात कुणाला कळणार नव्हतं. मला कळलं असतं, पण मी बोलले नसते. खरं सांगते, मला वाटत होतं, टाका.

भाई उठून स्वतः बाहेर गेले. निकाल सांगायला ते कधी बाहेर जात नसत.

“हाय,” ते म्हणाले.

शेवंतानं डोळे मिटले. गंगव्वानं विचारलं, “किती?”

“एक.”

“येकच?”

“पयल्या खेपंला एका अंगनात मोजता येत नव्हत्या. आता शंभर अंगनांत एक.”

“मग न्हाय म्हटला असतासा तर काय बिघाडलं असतं? मला काय कळतंय तुमच्या दुर्बिनीतलं?”

“तुमास्नी कळत न्हाय म्हनूनच.”

गंगव्वा उठली. पिशवी उचलली. “तुमी लई वंगाळ मानूस हाईसा, पावनं,” असं म्हणून फाटकाकडे चालायला लागली. शेवंता मागोमाग. मी मनात म्हटलं, संपलं. फाटकाशी गंगव्वा थांबली, वळली आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडून म्हणाली, “एका काडीपायी हाय म्हनतासा, म्हंजे तुमची न्हाय खरी असंल! आनि तीन म्हैनं ठिवतो!”

आणखी तीन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. या खेपेला भाईंनी चिंचोके दोन फेऱ्या हलवले. मग डबीवर चिकटवायची एक कोरी चिठ्ठी घेतली, तिच्यावर मोठ्या अक्षरात ‘न्हाय’ लिहिलं आणि खाली सही केली. गंगव्वाला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, “काय लिवलंय?” भाई म्हणाले, “जे पायजे हुतं त्ये.” तिनं ती चिठ्ठी उलटसुलट बघितली, चार घड्या घातल्या आणि शेवंताच्या हातात दिली. पुढे वर्षभर गोळ्या चालल्या, पण सुनेला माहेरी धाडायचं नाव पुन्हा निघालं नाही.

साहेबांनी या प्रकरणावर कॉलेजच्या मासिकात काहीतरी इंग्रजीत लिहिलं. त्यात भाईंचं नाव नव्हतं असं पाटोळे म्हणायचे. मला वाचता आलं नाही. छापील कागद मात्र बदलला. ‘खोकला किंवा ढास’ असं झालं आणि खाली एक ओळ वाढली, ‘प्रत्येकाची थुंकी प्रत्येकाने स्वतः द्यावी’. भाईंनी तो कागद वाचून एवढंच म्हटलं, “आता अण्णाला काम न्हाय.”

त्यानंतर बरीच वर्षं गेली. साहेब बदलून गेले, दुसरे आले. विजेचा दिवा असलेली नवी दुर्बीण आली. भाई तिला खिडकीशी नेऊन ठेवायचे. कॉलेजकडून एक नवी मुलगी काचा बघायला आली, हुशार आणि मुकाट्यानं काम करणारी. एके दुपारी भाईंनी दहावा चिंचोका टाकला, वहीत न्हाय लिहिलं आणि तसेच बसून राहिले. मग मला म्हणाले, “वैनी, ही काच त्या पोरीला द्या. काय लिवलंय त्ये सांगू नगा.”

पोरीनं बघितलं. “दोन आहेत,” ती म्हणाली.

भाईंनी आपल्या हातानं न्हायवर रेघ मारली आणि शेजारी हाय लिहिलं. त्यांच्या सगळ्या वह्यांत खाडाखोड ती एवढीच. दुर्बीण पुसली, तिच्यावर कापड घातलं. चिंचोके कोटाच्या खिशात टाकले आणि घरी गेले. साहेबांनी बोलावणी धाडली, चिठ्ठ्यांवर नावं लिहायचं काम देऊ केलं. भाई परत त्या टेबलाशी बसले नाहीत. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, आणि तोही उशिरा. “सगळा जलम काचंत गेला,” ते मला म्हणाले, “डोळ्यांतबी काचच निघाली.” यावर हसावं की नाही, ते मला कळलं नाही. ते स्वतः हसले.

शेवटचं बघितलं ते सांगते आणि थांबते. केंद्र बंद व्हायच्या आधीच्या वर्षी, उन्हाळ्यात, एक बाई पडवीत येऊन उभी राहिली. अंगानं चांगली भरलेली, कपाळाला मोठं कुंकू, हातात लग्नाची पत्रिका. मी ओळखलं नाही. ती म्हणाली, “अक्का, ढासवाली.” लेकीचं लग्न काढलं होतं, ते कडेवरचं तान्हं. गंगव्वा जाऊन दोन वर्षं झाली होती. भाईंना पत्रिका द्यायची म्हणाली.

मी तिला घेऊन गेले. भाईंच्या थोरल्या मुलानं घराला लागून धार लावायचं दुकान घातलं होतं, विजेच्या चाकावर. भाई दाराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून, तोंडावर ऊन घेत बसले होते. मान तशीच डावीकडे. मांडीवरच्या मुठीत काहीतरी खुळखुळत होतं. चिंचोके असणार.

शेवंता पुढे झाली आणि नेमकी त्यांच्या उन्हात उभी राहिली. तिची सावली त्यांच्या तोंडावर पडली. भाईंनी मान उचलली.

“कोन हाय?”

ती म्हणाली, “मी. ढासवाली शेवंता. गंगव्वाची सून.”

मुठीतलं खुळखुळणं थांबलं. भाई थोडा वेळ ऐकत राहिले, नुसता श्वास ऐकावा तसे.

“अजून हाईस?”

“हाय की, भाई.”

इतक्या वर्षांची सवय. मी तिच्या दंडाला धरून तिला बाजूला करायला गेले, उजेड सोड म्हणून. भाईंना ते कसं कळलं कोण जाणे. त्यांनी हात वर केला.

“ऱ्हाऊ द्या, वैनी,” ते म्हणाले. “तितंच हुबी ऱ्हाऊ द्या.”